नोंद आणि अध्यापन : शालेय माहितीप्रणालींच्या वापराची एक चिकित्सा

१

शाळांतील संगणकप्रणालींविषयी होणाऱ्या लेखनात ‘शिक्षक या प्रणालींचा वापर करतात’ असे विधान पदोपदी भेटते. विधान निरुपद्रवी दिसते. परंतु त्यातील कर्ता हा खरोखर कर्ता आहे काय, असा प्रश्न क्वचितच उपस्थित केला जातो. शिंपी कात्री वापरतो किंवा गवंडी ओळंबा वापरतो असे म्हटले जाते तेव्हा हेतू वापरणाऱ्याचा असतो, साधनाची निवड त्याची असते आणि कामाचे फळही प्रथम त्याच्याच दृष्टीस पडते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक दिवसाचे अध्यापन संपवून मोबाइलवर विद्यार्थ्यांची माहिती भरू लागतो तेव्हा यांपैकी एकही गोष्ट घडत नाही. प्रश्न दुसऱ्याने ठरविलेला असतो, उत्तराचे रकाने दुसऱ्याने आखलेले असतात, आणि उत्तर सादर होताच ते त्याच्या दृष्टीआड होते. या दोन भिन्न क्रियांना ‘वापर’ हा एकच शब्द लावल्यामुळे या विषयावरील चर्चेचा पाया भुसभुशीत राहिला आहे.

या चर्चेत सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एक पक्ष प्रणालींकडे प्रशासनाच्या शुद्धीचे साधन म्हणून पाहतो. दुसरा पक्ष त्यांना शिक्षकाच्या मानेवरील जू समजतो. दोन्ही पक्षांचे पुरावे खरे आहेत. तथापि दोघेही प्रणालींकडे एकजिनसी वस्तू म्हणून पाहतात, आणि त्यामुळे जो भेद सर्वांत महत्त्वाचा तोच नजरेतून निसटतो. तो भेद नोंदीच्या प्रवासाचा आहे. काही नोंदी जो त्या करतो त्याच्याकडे परत येतात आणि त्याच्या उद्याच्या पाठात बदल घडवितात. काही नोंदी वर जातात आणि परतत नाहीत. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत गेल्या दशकात रूढ झालेल्या प्रणालींचे मूल्यमापन या एका कसोटीवर करता येईल काय, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा उद्देश आहे.

२

नोंदीचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी आणलेल्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान थेट नोंदवहीशी आणि परीक्षेशी जखडले. मुलाच्या सरासरी उपस्थितीबद्दल चार शिलिंग, आणि वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांच्या परीक्षेबद्दल आठ शिलिंग. प्रत्येक विषयातील अपयशाबद्दल दोन शिलिंग आठ पेन्स वजा. हेतू काटकसरीचा आणि कार्यक्षमतेचा होता. परिणाम असा झाला की, तपासनीस जे पुस्तक वाचावयास लावणार तेच मुलांकडून तोंडपाठ करून घेण्यात शाळांचे वर्ष खर्ची पडू लागले. स्वतः शाळा-तपासनीस असलेले कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी त्याच वर्षी या संहितेविरुद्ध लेखणी उचलली. मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजगी शाळांच्या अनुदानासाठी ‘फलानुसार अनुदाना’ची ही पद्धत लागू होती. नोंदीवर पैसा अवलंबू लागला म्हणजे शाळा नोंदीसाठी चालू लागते, हा धडा अशा रीतीने जुनाच आहे.

मराठी शाळेने मात्र दीर्घकाळ दोन प्रकारच्या वह्या वेगळ्या ठेवल्या होत्या, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, जडवस्तू संग्रह नोंदवही ही कार्यालयाची दप्तरे. टाचणवही ही शिक्षकाची. पहिल्या प्रकारच्या नोंदी कोरड्या असत, पण त्या परत येत. शाळा सोडल्याचा दाखला जनरल रजिस्टरावरून निघे. जन्मतारखेचा किंवा जातीचा पुरावा शोधीत पन्नास वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याचा नातू शाळेत येई आणि ती जीर्ण ओळ त्याच्या कामी पडे. टाचणवहीचे परतणे याहून वेगवान होते. काल वर्ग कोठे अडखळला हे तिच्यात पाहूनच आजचा पाठ उभा राहावा, अशी अपेक्षा होती. टाचणे पुष्कळदा केवळ तपासणीसाठी लिहिली जात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या वहीचा विधिनियुक्त वाचक स्वतः शिक्षकच होता, आणि हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक आहे.

३

प्रणालींच्या आगमनामागील कारणे समजून न घेता त्यांवर टीका करणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या पटपडताळणीत शाळाशाळांतून प्रत्यक्ष शिरगणती करण्यात आली. एकच मूल दोनदा मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली होती. पटावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले त्या वेळी मोठ्या संख्येने उघडकीस आली. पटाच्या आधारे शिक्षकांची पदे, अनुदान, गणवेश, आहार हे सारे ठरत असल्यामुळे खोटा पट ही सार्वजनिक पैशाची लूट होती, आणि जी नोंद केवळ संस्थेच्या कपाटात राहते ती तपासता येत नाही, हेही त्यातून सिद्ध झाले.

यानंतरच्या दशकात प्रणालींची रांगच लागली. शाळांची वार्षिक माहिती गोळा करणाऱ्या दोन राष्ट्रीय पद्धतींचे २०१२-१३ पासून ‘यूडायस’ या नावाने एकत्रीकरण झाले आणि प्रत्येक शाळेला अकरा अंकी संकेतांक लाभला. २०१८-१९ पासून ती ‘यूडायस प्लस’ या रूपाने ऑनलाइन झाली, आणि २०२२-२३ पासून शाळेऐवजी प्रत्येक विद्यार्थी हा तिचा घटक ठरला. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘सरल’ ही प्रणाली आली. वेतनदेयकांसाठी ‘शालार्थ’, शाळेच्या स्वयंमूल्यमापनासाठी ‘शाळासिद्धी’, पोषण आहाराच्या दैनंदिन लाभार्थिसंख्येसाठी वेगळे ॲप, अध्ययनसाहित्यासाठी २०१७ पासून ‘दीक्षा’, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर विद्यार्थ्याचा ‘अपार’ क्रमांक, अशी ही मालिका आहे.

यांपासून झालेले लाभ खरे आहेत. वेतनदेयके हातांनी लिहून तालुक्याला पोहोचविण्याचा खटाटोप संपला. एका शाळेतून दुसरीत गेलेल्या मुलाचा माग काढणे सुकर झाले. परंतु लाभाचे हे क्षेत्र नेमके कोठे संपते हेही पाहिले पाहिजे. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट ‘शालार्थ’ ओळखक्रमांकांच्या आधारे वेतन काढले गेल्याचे प्रकरण पुढे आले आणि त्याची चौकशी सुरू झाली. प्रणालीमुळे लबाडी अशक्य होत नाही. पूर्वी जी किल्ली कपाटाला असे ती आता संकेतशब्दाला असते, एवढाच त्याचा अर्थ. ज्या कामात प्रणाली निःसंशय उपयुक्त आहे तेथेही तिची शुद्धता अखेर माणसावर अवलंबून राहते.

शिवाय गणनेच्या शुद्धतेसाठी योजलेली साधने मुलालाच गणनेबाहेर ठेवू शकतात. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेतील शिक्षकांची पदे निश्चित करण्यासाठी, आधार क्रमांकाशी जुळलेल्या विद्यार्थ्यांचा पट विचारात घेण्याचे धोरण आल्यानंतर नावातील एका अक्षराच्या किंवा जन्मतारखेतील एका अंकाच्या तफावतीला अवाजवी महत्त्व प्राप्त झाले. रोज पहिल्या बाकावर बसणारे मूल प्रणालीच्या दृष्टीने अग्राह्य ठरू शकते, आणि त्याच्या नावाची दुरुस्ती ही शिक्षकाच्या पदाच्या अस्तित्वाशी जोडली जाते. २०११ मध्ये प्रश्न होता पटावरील अनुपस्थित मुलाचा. येथे प्रश्न आहे वर्गातील अनोंद मुलाचा.

४

नोंद न परतण्याचा सर्वांत गंभीर परिणाम मूल्यमापनाच्या प्रांतात दिसतो. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर झाल्यापासून पायाभूत आणि संकलित चाचण्या घेऊन त्यांचे गुण विद्यार्थिवार प्रणालीत भरण्याची पद्धत सुरू झाली. गुण भरणे म्हणजे वस्तुतः काय करणे, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

तिसरीच्या वर्गात ५२ मधून २७ वजा करण्याचे उदाहरण दिले आहे, असे समजावे. एका मुलाने उत्तर ३५ लिहिले, दुसऱ्याने २६, तिसऱ्याने ७९. तिन्ही उत्तरे चूक असल्याने तिघांनाही शून्य गुण मिळतील आणि प्रणालीत तीन शून्ये जातील. परंतु अनुभवी शिक्षकाच्या दृष्टीने ही तीन निरनिराळी वाक्ये आहेत. पहिल्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. दशकाचा गठ्ठा सोडून एकक करता येतात ही कल्पनाच त्याच्या मनात रुजलेली नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे घेऊन पुन्हा मुळापासून शिकविले पाहिजे. दुसऱ्याने हातचा बरोबर घेतला, फक्त बारातून सात वजा करताना तो एकाने चुकला. त्याला थोडा सराव पुरेसा आहे. तिसऱ्याने बेरीज अचूक केली. त्याने चिन्ह पाहिले नाही, किंवा चिन्हाचा अर्थ त्याला ठाऊक नाही, आणि यांपैकी काय खरे ते त्याला विचारल्यावाचून कळणार नाही.

वर गेलेल्या शून्यातून हे काहीही परत मिळविता येत नाही. जिल्ह्याच्या सरासरीत, आलेखात किंवा रंगीत नकाशात तिन्ही मुले एकाच अंगाने ‘अप्रगत’ दिसतील, आणि वरून येणारा उपायही तिघांसाठी एकच असेल. जे ज्ञान शिक्षकाजवळ उत्तरपत्रिका हातात असताना होते ते नोंद करतानाच गळून पडते. अशा वेळी नोंद ही ज्ञानाची साठवण न राहता ज्ञानाचा संक्षेप होते, आणि संक्षेप कोणत्या अंगाने करावयाचा हे ठरविण्याचा अधिकार ज्याने उत्तरपत्रिका वाचली त्याला नसतो. गुजरातेत गांधीनगरला प्रथम उभ्या राहिलेल्या आणि पुढे अन्य राज्यांनी अनुसरलेल्या विद्या समीक्षा केंद्रांसारख्या यंत्रणांना शाळांची माहिती राजधानीच्या पडद्यावर पाहता येते, हे खरे. पण पडद्यावर दिसते ते शून्य. ३५, २६ आणि ७९ ही उत्तरे दिसत नाहीत.

५

आकड्यांचे हे दौर्बल्य ओळखूनच महाराष्ट्राने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत स्वीकारताना वर्णनात्मक नोंदींना स्थान दिले होते. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने निरीक्षणावर आधारलेले वाक्य लिहावे, ही कल्पना शैक्षणिक दृष्ट्या उच्च प्रतीची होती. तिचे व्यवहारात काय झाले, हा या विषयातील कदाचित सर्वांत बोधप्रद अध्याय होय.

अल्पावधीतच विषयवार आणि इयत्तावार तयार नोंदींच्या याद्या प्रसृत झाल्या. प्रथम त्या छापील पुस्तिकांतून येत. पुढे त्या मोबाइलवरून फाइलींच्या रूपाने फिरू लागल्या, आणि शेवटी एक्सेलच्या तक्त्यात गुण भरताच नोंद आपोआप उमटावी अशी सोयही शिक्षकांनीच तयार केली. या नोंदींच्या भाषेचे परीक्षण केल्यास तिच्यातील काही लक्षणे चटकन ध्यानात येतात. वाक्याला कर्ता नसतो. काळ सदैव रीतिवर्तमान असतो. ‘स्पष्ट’, ‘योग्य’, ‘स्वतःहून’, ‘आवडीने’ अशी थोडी विशेषणे व क्रियाविशेषणे फिरून फिरून येतात. आणि कोणतेही वाक्य कोणत्याही मुलाच्या नावापुढे ठेवले तरी खोटे ठरत नाही. कविता तालासुरात म्हणतो, असे लिहिलेले असते. कोणती कविता, कोणत्या दिवशी, आणि त्याआधी तो म्हणत नव्हता काय, हे लिहिलेले नसते. ज्या वाक्यातून मूल वगळता येते ते वाक्य निरीक्षण नव्हे.

याचा दोष शिक्षकाच्या आळसावर ढकलणे सोपे आहे. परंतु ते विश्लेषण वरवरचे होईल. या नोंदींचा प्रत्यक्ष वाचक कोण होता, हे विचारले पाहिजे. पालकापर्यंत प्रगतिपुस्तकातील श्रेणी पोहोचे. तपासणी अधिकारी नोंदी भरल्या आहेत की नाही एवढे पाही. पुढील इयत्तेचा शिक्षक त्या वाचून अध्यापन आखील अशी व्यवस्था फारशी कोठे नव्हती. वाचक नसलेल्या लेखनाची भाषा जशी होते तशीच ही भाषा झाली. तयार नोंदींची एक्सेल फाइल हे यंत्राने शिक्षणावर केलेले आक्रमण नव्हे. न वाचल्या जाणाऱ्या लेखनाला शिक्षकांनी दिलेले ते तर्कशुद्ध उत्तर होते.

६

याच एक्सेलकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावयास हवे. निकालपत्रक, श्रेणी-तक्ता, उपस्थितीची मासिक गोषवारा-पत्रके यांच्या फाइली अनेक शिक्षकांनी स्वतःच्या बुद्धीने रचल्या, सहकाऱ्यांना विनामूल्य दिल्या, त्यांतील सूत्रांच्या चुका एकमेकांच्या मदतीने सुधारल्या. येथे ‘वापर’ हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने लागू पडतो. गरज शिक्षकाची, रचना शिक्षकाची आणि वाचलेला वेळही शिक्षकाचा. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर संकेतांची जोड दिली, आणि पुढे त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला. या उदाहरणाचे महत्त्व पुरस्कारात नाही. कल्पना वर्गातून निघून वर्गातच परतली, यात आहे.

अमेरिकन शिक्षणेतिहासकार लॅरी क्यूबन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कॅलिफोर्नियातील संगणकसंपन्न शाळांचे निरीक्षण मांडले आहे. तेथेही शिक्षकांनी संगणक स्वीकारला तो मुख्यतः पूर्वतयारी, गुणपत्रके आणि पत्रव्यवहार यांसाठी. वर्गातील अध्यापनाची रीत फारशी पालटली नाही. क्यूबन यांच्या मते याचे कारण शिक्षकांच्या अनिच्छेत नसून त्यांच्या कामाच्या रचनेत होते. महाराष्ट्रातील परिस्थिती याहून एका महत्त्वाच्या बाबतीत भिन्न आहे. तेथील शिक्षकाला साधन नाकारण्याची मुभा होती. येथील शिक्षकाला मागणीचे साधन नाकारता येत नाही, आणि सोयीच्या साधनासाठी वेळ उरत नाही.

व्हॉट्सॲपच्या गटांनी ही विषमता अधिक तीव्र केली आहे. केंद्राच्या गटावर दुपारी येणारी आणि सायंकाळपर्यंत पूर्ण करावयाची मागणी पुष्कळदा अशा माहितीची असते की जी ‘यूडायस’मध्ये आधीच भरलेली आहे. मुलींची संख्या, दिव्यांग मुलांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची तीच ती उत्तरे गूगलच्या नव्या तक्त्यात पुन्हा लिहावी लागतात. साठविलेली माहिती स्वतः शोधण्यापेक्षा शिक्षकाला पुन्हा विचारणे वरच्या कार्यालयाला स्वस्त पडते. कारण शिक्षकाच्या वेळेचा खर्च कोणत्याही हिशेबात धरलेला नसतो.

७

हा खर्च मोजण्याची एक मोजपट्टी कायद्यातच आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान पंचेचाळीस तास सांगितले आहेत, आणि त्यांत पूर्वतयारीचे तास अंतर्भूत आहेत. म्हणजे पूर्वतयारी ही कायद्याने मान्य केलेली कामगिरी आहे. कलम २४ प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता पाहून त्याला आवश्यक तेथे जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविते. कलम २७ जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकाला जुंपण्यास मनाई करते.

माहिती भरण्याचे काम या मनाईतून निसटते, कारण त्या कामावर शाळेचेच नाव असते. मुलांचीच माहिती, शाळेचाच आहार, शाळेचेच मूल्यमापन. मग ते अशैक्षणिक कसे म्हणावे? शासनाने २०२४ मध्ये शिक्षकांच्या कामांचे शैक्षणिक आणि अशैक्षणिक असे वर्गीकरण जाहीर केले, यावरूनच हा वाद किती टोकाला गेला होता हे दिसते. परंतु कामाच्या विषयावरून केलेले वर्गीकरण येथे अपुरे पडते. एकच कृती, उदाहरणार्थ गुणांची नोंद, एका व्यवस्थेत शैक्षणिक असू शकते आणि दुसरीत कारकुनी. भेद विषयात नाही. नोंद कोणाकडे परतते यात आहे.

ज्या शाळेत साठपर्यंत मुले आहेत तेथे कायद्याने दोन शिक्षक अपेक्षित आहेत. अशा शाळेला लिपिक नसतो. मुख्याध्यापकाचा कार्यभार त्या दोघांपैकीच एकाकडे असतो. त्यातील एक शिक्षक प्रणाली उघडण्याची वाट पाहत बसला किंवा तालुक्याच्या बैठकीला गेला की चार किंवा पाच इयत्ता दुसऱ्याच्या अंगावर पडतात. मोठ्या शहरी शाळेत जी मागणी केवळ त्रासदायक ठरते ती येथे त्या दिवसाचे अध्यापनच बंद पाडते. प्रणाली सर्व शाळांना समान वागविते. म्हणूनच तिचा भार समान पडत नाही.

८

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक नोंद शिक्षकाकडेच परत यावी असा आग्रह धरला तर राज्याला नियोजन कसे करता येईल? कोणत्या गावी खोली हवी, कोठे शिक्षक कमी आहेत, हे कळण्यासाठी काही नोंदी वरच जाणार. आक्षेप रास्त आहे. परंतु शाळेला नवी खोली मिळणे हेही नोंदीचे परतणेच होय. गावाने भरलेली माहिती वर्षानुवर्षे जाते आणि गळके छप्पर तसेच राहते, तेव्हा ती नोंद नियोजनाच्या दृष्टीनेही निष्फळ असते. परतण्याची रीत आणि मुदत नोंदीच्या प्रकारानुसार भिन्न असेल. गुणांच्या नोंदीने आठवड्यात परतावे, इमारतीच्या नोंदीने अंदाजपत्रकात, दाखल्याच्या नोंदीने कदाचित अर्ध्या शतकाने. काहीच परत येत नसेल तर ती मागण्याचा अधिकारही सिद्ध होत नाही.

परतणाऱ्या नोंदीचा एक नमुना याच राज्यात उपलब्ध आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची योजना आखली गेली. जेथे मूल जाईल तेथील शाळेने त्याला विनाअडथळा सामावून घ्यावे, हा तिचा हेतू. कार्ड मुलाबरोबर जाते आणि ज्या शिक्षकासमोर मूल उभे राहते त्याच्याच हाती पडते. योजनेची अंमलबजावणी सर्वत्र नीट होते असे नाही. परंतु नोंदीची दिशा येथे बरोबर ठरली आहे. तांत्रिक सामर्थ्याने याहून शतपटीने मोठ्या असलेल्या प्रणालींत हीच दिशा हरवावी, हा विचार करण्यासारखा विरोध आहे.

यावरून काही निष्कर्ष काढता येतात. एकदा भरलेली माहिती पुन्हा मागण्यास प्रशासनाला प्रतिबंध असावा. चाचणीच्या गुणांबरोबर, किंबहुना गुणांऐवजी, चुकीचा प्रकार नोंदविण्याची मुभा शिक्षकाला असावी, आणि ती नोंद प्रथम त्याच्याच वर्गाच्या उपयोगाच्या रूपात त्याच्यासमोर यावी. दोन शिक्षकी शाळांना केंद्रस्तरावर लिपिकाचे साहाय्य मिळावे. आणि नवी प्रणाली आणण्यापूर्वी तिच्या रचनाकारांनी एका प्रश्नाचे लेखी उत्तर द्यावे : ही माहिती भरणाऱ्या शिक्षकाला उद्या सकाळी वर्गात शिरताना कालच्यापेक्षा अधिक काय ठाऊक असेल?

संशोधनाच्या दृष्टीनेही येथे मोठे क्षेत्र अस्पर्श आहे. प्रणालींच्या वापराचे अभ्यास बहुधा किती शिक्षकांनी किती वेळा प्रवेश केला याची गणना करतात, आणि ज्या प्रणालीचे परीक्षण करावयाचे तिच्याच आकड्यांवर विसंबून राहतात. त्याऐवजी एका शाळेतील एकाच नोंदीचा, उत्तरपत्रिकेपासून राजधानीपर्यंत आणि तेथून परत, असा मागोवा घेणारा एक जरी अभ्यास झाला तरी तो अनेक सर्वेक्षणांहून अधिक उपयुक्त ठरेल. त्या अभ्यासाचा आरंभ ३५ हे उत्तर लिहिणाऱ्या मुलापासून व्हावा. त्याला गठ्ठा सोडावयास अखेर कोणी शिकविले काय, आणि शिकविले असल्यास त्या कामी एवढ्या साऱ्या नोंदींचे कोणते साहाय्य झाले, हे त्यातून समजले पाहिजे.